पहाटेची पंधरा मिनिटं आपल्या नावावर



गटाची बैठक संपली, बचत गोळा झाली, सह्या झाल्या की बोलणं हळूहळू दुखण्यांवर येतं. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाला नवीनच शुगर निघालेली. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण जमतंय कुठे?" असं एखादी म्हणते आणि बाकीच्या माना डोलावतात. उल्हासनगरच्या वस्तीतला गट असो, अंबरनाथजवळच्या गावातला असो की बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावरचा, हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं.

व्यायाम चांगला असतो हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. अडतं ते "जमतंय कुठे" या दोन शब्दांपाशी. म्हणून या अंकात तो जमवायचा कसा, याबद्दल जास्त बोलूया.

दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?

हा प्रश्न प्रत्येक गटात येतो आणि तो रास्त आहे. याचं उत्तर सगळ्यांना एकच देता येत नाही. तुमचं काम कोणतं, त्यावर ते ठरतं.

ज्या ताई शेतावर जातात, डोक्यावर मोळी किंवा हंडा आणतात, भाजीची पाटी घेऊन बदलापूर स्टेशनला येतात, त्यांच्या शरीराची मेहनत भरपूर होते. ती मेहनत आरोग्याच्या हिशोबातही धरली जाते. पण ती एकाच बाजूने होते. लावणीत पाठ तासन् तास वाकलेली, पाटी उचलताना मान दाबलेली. अशा ताईंना आणखी चालायची फारशी गरज नसते. त्यांना हवं असतं ते आखडलेली पाठ, मान आणि मांड्या मोकळ्या करणं. लावणीच्या दिवसांत पाच मिनिटं अंग ताणलं आणि रात्री वेळेवर झोपलात, तर तोच तुमचा व्यायाम.

ज्या ताई घरी बसून काम करतात, त्यांचं गणित वेगळं. उल्हासनगरात जीन्सचे धागे कापणं, शिलाई, पापड, पॅकिंग ही कामं घरोघरी चालतात. सहा-सात तास एका जागी, पाय मुडपून, मान खाली. संध्याकाळी थकवा तर खूप येतो, पण हृदय आणि फुप्फुसांना काम मिळालेलं नसतं. थकणं आणि व्यायाम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरकामाचंही तसंच. दिवसभर आपण उभ्या असतो, पण ओट्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत. दोन मिनिटं हालचाल, मग थांबणं. सलग दहा मिनिटं श्वास थोडा वाढेल असं चालणं त्यात क्वचितच होतं. कंपनीत मशीनसमोर उभं राहणाऱ्या ताईंनाही हे लागू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार भारतातल्या १०० प्रौढ बायकांपैकी साधारण ५७ जणींची पुरेशी हालचाल होत नाही. पुरुषांमध्ये हा आकडा ४२ आहे. म्हणजे सकाळी आधी उठणारी आणि रात्री शेवटी झोपणारी जी घरातली बाई, तीच या हिशोबात मागे आहे. हा काही तिचा आळस नाही. स्वतःच्या शरीरासाठी वेगळा वेळ तिच्या वाट्याला येत नाही, हे खरं कारण आहे.

शरीरात नेमकं काय होतं?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावर असलेल्यांना बहुतेक वेळा काहीच त्रास जाणवत नाही, आणि नेमकं तेव्हाच व्यायामाचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

आपण भराभर चालतो तेव्हा मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर इंधन म्हणून वापरतात. नियमित चालणाऱ्या बाईच्या शरीरात इन्सुलिनचं काम सोपं होतं. रक्तवाहिन्या लवचिक राहतात, त्यामुळे बीपी आटोक्यात राहायला मदत होते. पाळी गेल्यावर हाडं वेगाने ठिसूळ होऊ लागतात. स्नायूंना काम दिलं, अंगाचा भार पायांवर घेतला, की हाडांना बळ टिकवायचा निरोप मिळतो.

गुडघ्यांबद्दल एक गैरसमज फार आहे. गुडघा दुखतो म्हणून हलायचंच नाही, असं आपण करतो. खरं तर गुडघ्यातल्या कूर्चेला पोषण मिळतं ते हालचालीतून. गुडघ्याचा भार उचलते मांडी. मांडीचे स्नायू अशक्त झाले की सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. त्यामुळे सूज किंवा तीव्र वेदना नसेल तर बेताची हालचाल गुडघ्याला हवीच असते.

आणि झोप, मन यांचं काय? नियमित हालचाल करणाऱ्या माणसाला झोप बरी लागते, चिडचिड कमी होते. हा फायदा सांगायला कोणताही रिपोर्ट लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत तुमचा तुम्हालाच कळतो.

सकाळच का?

संध्याकाळचा व्यायाम वाईट असतो असं मुळीच नाही. शरीराला घड्याळ कळत नाही. सकाळ निवडायची ती व्यवहार म्हणून. आपला दिवस एकदा सुरू झाला की तो दुसऱ्यांचा होतो. पाणी, डबे, शाळा, कंपनीची शिफ्ट, पाहुणे, आजारपण. संध्याकाळी "आज राहू दे, उद्या बघू" म्हणायला दहा कारणं तयार असतात. पहाटे ती कारणं अजून झोपलेली असतात. शिवाय मार्च ते जूनपर्यंत आपल्याकडे आठ वाजताच अंगाची लाही होते, हेही आहेच.

पण एक अट आहे. लवकर उठायचं तर लवकर झोपायला मिळालं पाहिजे. घरातलं माणूस रात्री उशिराच्या लोकलने येतं, त्याला जेवायला वाढून झोपायला साडेबारा होतात, अशा घरातल्या ताईने पाचचा गजर लावू नये. झोप मारून केलेला व्यायाम आठवडाभर टिकतो आणि मग अंगावर येतो. सहा-सात तासांची झोप धरून मागे मोजा आणि मग उठायची वेळ ठरवा. तुमची सकाळ साडेनऊला, सगळे बाहेर पडल्यावर सुरू होत असेल, तर तीच तुमची पहाट.

बचतीची सवय लागली, तशीच ही लागते

सवय कशी लागते याबद्दल लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ लोकांवर एक अभ्यास केला होता. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक नवी गोष्ट निवडायची आणि ती रोज एका ठरलेल्या वेळेला जोडून करायची, असा तो प्रयोग होता. कुणी जेवणाबरोबर फळ खाणं निवडलं, कुणी पाणी पिणं, कुणी व्यायाम. ती गोष्ट विचार न करता आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८ दिवसांत जमलं, काहींना २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. "एकवीस दिवसांत सवय लागते" असं आपण ऐकतो, ते धरून बसू नका. बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला तर तुमच्यात काही कमी आहे असं नाही. दोन-अडीच महिने धरून चाला. आणि एक दिवस बुडाला तर "गेलं सगळं" म्हणून सोडू नका, दुसऱ्या दिवशी परत सुरू करा.

आता आपल्या गटाकडे बघा. सुरुवातीला "महिन्याला शंभर रुपये कुठून आणायचे" असं म्हणणाऱ्या आपणच आज न चुकता बचत भरतो. ते कसं जमलं? रक्कम झेपेल एवढी ठेवली. दिवस ठरवला. सगळ्या मिळून बसलो. वहीत लिहिलं. व्यायामालाही याच चार गोष्टी लागतात.

झेपेल एवढंच. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं. खरंच पाचच. पहिल्याच दिवशी तासभर चालून आलेली ताई तिसऱ्या दिवशी पाय धरून बसते. पाच मिनिटांची सवय लागली की पंधरा मिनिटं सोपी जातात, मग पंचवीस. आठवड्याला १५० मिनिटं ही आरोग्य संघटनेची शिफारस आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तिथे पोचायला तीन महिने लागले तरी चालतील. थोडंसं करणं हे काहीच न करण्यापेक्षा चांगलं, असंही हीच संघटना सांगते.

रोजच्या एखाद्या कामाला जोडून. "सकाळी कधीतरी करीन" म्हटलं की ते होत नाही. "तोंड धुतलं की लगेच", "नळाला हंडा लावला की भरेपर्यंत", "मुलांना शाळेच्या गाडीत बसवलं की तिथूनच पुढे", असं बांधून घ्या. ते काम रोज होणारच असतं, त्याच्यामागे व्यायाम आपोआप येतो.

सोबत. गटातल्या जवळ राहणाऱ्या दोघी किंवा तिघींची जोडी करा. सकाळी एकमेकींना मिस्ड कॉल द्यायचा. आपण स्वतःला दिलेला शब्द मोडतो, पण दारात उभ्या असलेल्या मैत्रिणीला "नाही" म्हणणं जड जातं.

नोंद. वहीच्या मागच्या पानावर किंवा कॅलेंडरवर झालेल्या दिवशी एक खूण. एवढंच. ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांनी टिकली लावली तरी चालेल. रांगेने दिसणाऱ्या खुणा मोडायला मन घेत नाही.

फक्त एक नियम गटातून इथे आणू नका, तो म्हणजे दंड. बैठकीला गैरहजर राहिलं तर आपण दंड घेतो. व्यायामाला घेऊ नका. ज्या ताईचं लेकरू रात्रभर तापाने फणफणलं, तिला सकाळी दंडाची भीती नको.

वेळ कुठून आणायचा? हे घरात बोलायचं आहे

आरोग्याच्या माहितीपत्रकांत एक सल्ला नेहमी असतो: आदल्या रात्री तयारी करून ठेवा. भाजी निवडा, कणीक मळा, डबे काढून ठेवा, मग सकाळी वेळ मिळेल. ऐकायला बरं वाटतं. पण मग रात्री अकराला ही तयारी करायची कुणी? त्याच ताईने. म्हणजे तिचं काम कमी झालं नाही, फक्त सकाळचं रात्रीवर गेलं आणि झोप अर्धा तास कमी झाली.

पंधरा मिनिटं खरोखर मोकळी व्हायची असतील तर पंधरा मिनिटांचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलं पाहिजे. यात मार्ग कमी आहेत, पण आहेत.

एक, काम सोपवणं. पाणी भरणं, अंथरुणं काढणं, चहा ठेवणं, धाकट्याला उठवणं ही कामं नवऱ्याला आणि आठ-दहा वर्षांच्या वरच्या मुलाला सहज जमतात. मुलालाही आणि मुलीलाही, हे मुद्दाम लिहिते. आईने चालायला जायचं म्हणून तिच्या वाटचं काम लेकीवर पडणार असेल तर आपण काहीच मिळवलं नाही.

दोन, सांगायची पद्धत. "मी चालायला जाऊ का?" असं विचारलं की उत्तर "बघू" येतं. त्याऐवजी, "अहो, सोमवारपासून सहा ते सव्वासहा मी चालायला जाणार आहे, तेवढा चहा तुम्ही ठेवा" असं सांगून बघा. वेळ नेमकी, काम नेमकं, दिवस नेमका. पहिल्या आठवड्यात चहा बिघडेल. बिघडू द्या. परत येऊन आपणच दुसरा ठेवायला गेलो की ते काम कायमचं आपल्याकडे परत येतं.

तीन, सासूबाईंना सोबत घ्या. गुडघ्यांची गरज त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे. त्या हळू चालतील, अंगणातच करतील, पण एकदा त्या सोबत आल्या की घरातली कुरकुर निम्मी होते.

चार, आपसात अदलाबदल. लहान मूल असलेल्या दोघी असतील तर आज एकीने दोघींची मुलं सांभाळायची, उद्या दुसरीने.

काही घरांत हे बोलणं सोपं नसतं, याची मला जाणीव आहे. तिथे एकटीने भांडायला जाऊ नका. "गटाने ठरवलंय" हे शब्द वापरा. बैठकीला बाहेर पडण्यासाठी हेच शब्द कामी आले होते.

आपल्या भागात कुठे आणि कसं

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, मे अखेरीला सहाच्या सुमारास. त्यामुळे वर्षभर एकच वेळ धरू नका. अंधारात एकटीने बाहेर पडू नका. हिवाळ्यात वेळ अर्धा तास पुढे न्या किंवा उजाडेपर्यंतचा व्यायाम घरात करा.

रस्ता नीट निवडा. काटई-बदलापूर रस्त्यावर आणि एमआयडीसीच्या रस्त्यांवर पहाटे टँकर, ट्रक, कंपन्यांच्या बस वेगात असतात. तिथे चालणं टाळा. अगदी त्याच रस्त्याने जावं लागलं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एकामागे एक चाला आणि फिकट रंगाची साडी किंवा ओढणी असू द्या. जिल्हा परिषद शाळेचं मैदान, देवळाचं किंवा विहाराचं आवार, समाजमंदिर, गावातला आतला रस्ता या जागा बऱ्या. उल्हासनगरच्या गोल मैदानासारख्या ठिकाणी सकाळी आधीच माणसं असतात, तिथे दोघी-तिघी मिळून गेलात की संकोच लवकर जातो. काही ग्रामपंचायतींनी आणि पालिकांनी खुल्या व्यायामशाळेची उपकरणं बसवली आहेत. तुमच्या गावात ती मोडून पडली असतील किंवा जागेवर दिवा नसेल, तर ग्रामसभेत विषय मांडा. तो आपला हक्क आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे पाऊस कसा असतो हे सांगायला नको. गवतातून चालू नका, सापाची भीती असते. जून ते सप्टेंबर समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा किंवा घरातलीच सहा फूट जागा वापरा. जागच्या जागी पाय उचलून चालणं हेही चालणंच आहे.

ज्या दिवशी हवेत रसायनांचा वास किंवा दाट धूर जाणवेल, त्या दिवशी बाहेर जाऊ नका. जोरात श्वास घेतला की तो धूर छातीत जास्त जातो. दारं-खिडक्या लावून घरात अंग ताणा, बस.

कुत्र्यांची भीती असेल तर हातात काठी ठेवा, पळू नका. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा साधे बूट हवेत. सपाता नकोत, त्या घसरतात. कपडे तुमचे नेहमीचेच. साडी थोडी वर खोचून घेतली तरी सगळा व्यायाम होतो.

पंधरा मिनिटांत काय करायचं?

१. अंग मोकळं करणं, २ मिनिटं. मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवा, खांदे मागे गोल फिरवा, घोटे फिरवा.

२. भराभर चालणं, ८ मिनिटं. वेग किती? सोबतच्या ताईशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलतानाही धाप लागली तर वेग कमी करा.

३. उठबस, ८ ते १० वेळा. पलंगावर किंवा ओट्यावर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. सुरुवातीला हात टेकले तरी चालेल. मांडीसाठी याच्यासारखा सोपा व्यायाम नाही.

४. भिंतीवरचे दंड, ८ वेळा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला टेकवा, कोपर वाकवून छाती भिंतीजवळ न्या आणि परत या.

५. टाचा उचलणं, १० वेळा. भिंतीला धरून.

६. पाठ सोडवणं. कमरेवर हात ठेवून सावकाश मागे झुका, पाच वेळा. खाली बसून काम करणाऱ्या आणि लावणी करणाऱ्या ताईंनी हे दिवसातून तीनदा करावं.

७. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. हे आपण एकमेकींशीही फारसं बोलत नाही. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवीचे थेंब जाणं हे बाळंतपणं झालेल्या पुष्कळ बायकांना होतं. लघवी रोखताना आपण जे स्नायू आवळतो, ते पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सैल सोडायचे. असं दहा वेळा. श्वास रोखायचा नाही आणि हे लघवी करताना करायचं नाही. बसमध्ये बसूनही करता येतं, कुणाला कळत नाही. दोन-तीन महिने नियमित केलं तर फरक जाणवतो. अंग बाहेर येत असेल तर मात्र लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा आणि जड उचलणं थांबवा.

ज्यांना सूर्यनमस्कार आवडतात त्यांनी ते करावेत. मंत्र म्हणायचा की नाही ही ज्याची त्याची आवड, शरीराला ताण तेवढाच मिळतो. आणि एखाद्या दिवशी नुसती फुगडी, झिम्मा किंवा गाणं लावून नाच झाला, तरी त्या दिवसाची खूण वहीत करायला हरकत नाही.

आधी कुणी तपासून घ्यायचं?

बीपी, हृदयाचा त्रास, दमा, मधुमेह, गरोदरपण, सिझेरियन किंवा दुसरं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तीस वर्षांवरील प्रत्येकीची बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. उपकेंद्र लांब असेल तर गटाने मिळून एक दिवस ठरवून जा.

रक्त कमी असणं ही आपली मोठी अडचण आहे. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. थोडं चाललं तरी चक्कर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा, गोळ्या घ्या, जेवण सुधारा. पोटात काही नसताना जोर लावू नका. एखादं केळं, मूठभर शेंगदाणे किंवा चहासोबत चपाती खाऊन निघा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या ताईंनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. घाम फुटून हात थरथरले तर लगेच खावा आणि थांबावं.

चालताना छातीवर दाब आला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, दरदरून घाम फुटला, तर "गॅस असेल" म्हणत बसू नका. जागेवर बसा आणि १०८ ला फोन लावा.

लोक हसतील त्याचं काय?

हसतील, पहिले दहा दिवस. नंतर विचारतील, "आज एकटीच?"

साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. स्वतः रोज घातले, घरच्यांना घालायला लावले, संस्थानातल्या शाळांत सुरू केले. बायकांनीही ते करावेत असं ते सांगत, आणि तेही त्या काळात.

बारामतीच्या लता भगवान करे यांचं नाव पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावरचा मराठी चित्रपट २०२० साली आला आणि लताबाईंनी त्यात स्वतःची भूमिका स्वतःच केली. त्यांचं कौतुक करतानाच मला वाटतं, दवाखान्याच्या खर्चासाठी कुठल्याच ताईवर अशी वेळ येऊ नये. आपल्या गटाची कर्जवही उघडून बघा. कर्जाचं कारण म्हणून "दवाखाना" किती वेळा लिहिलंय ते मोजा. सगळी आजारपणं व्यायामाने टळत नाहीत, पण बीपी, शुगर, कंबर, गुडघे यातला काही भार नक्की हलका होतो.

पुढच्या बैठकीत एवढं करा

दशसूत्रीतलं आरोग्याचं सूत्र आपण म्हणतो, पण त्याला इतिवृत्तात जागा क्वचित मिळते. पुढच्या बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. जोड्या ठरवा. प्रत्येकीने आपली वेळ आणि आपलं "कशाला जोडून" हे मोठ्याने सांगायचं. घरातलं कोणतं काम कोण घेणार, हेही सांगायचं. इतिवृत्तात लिहा. मग दहा आठवडे फक्त एकच प्रश्न विचारा: या आठवड्यात किती दिवस झाले? तीन झाले तरी टाळी, सहा झाले तरी टाळी.

दहा आठवड्यांनंतर मी बैठकीला येईन तेव्हा वहीची मागची पानं मला दाखवा. मधले रिकामे दिवसही दाखवा. त्या दिवशी काय आडवं आलं, पाणी, आजारपण की घरातलं बोलणं, हे कळलं तर त्यावर संघात मिळून मार्ग काढता येईल.

तुमची,
क्षेत्रीय समन्वयक